अर्धा आटा

"वैजू, सहावा नट तू आवळलायस?"

उल्हासनं हे असं विचारलं, जणू मी देवळाबाहेरून कुणाच्या चपला पळवल्या होत्या. तो यंत्राच्या मागं उकिडवा बसला होता आणि त्याचं बोट स्टीलच्या झाकणावरच्या सगळ्यात खालच्या नटावर होतं.

"सगळेच आवळलेत," मी म्हटलं. "नट कशाला असतात? शोभेला?"

"अगं बाई! सहावा अर्धा आटा सैल ठेवायचा असतो. कुणी सांगितलं नाही तुला?"

"कोण सांगणार? यंत्र माझ्या गळ्यात पडलं तेव्हा तू कावीळ होऊन घरी उसाचा रस पीत लोळत होतास."

उल्हास आजरेकर माझ्या आधीचा. त्याचा प्रबंध देऊन झाला होता, पुढच्या आठवड्यात तोंडी परीक्षा होती, आणि ती झाली की आमच्याच विभागात लेक्चरर म्हणून चिकटायचं पक्कं झालं होतं. त्या सकाळी तो आला होता तो माझ्यासाठी. कारण दुपारी माझी कमिटी होती. तीन माणसं माझ्या यंत्रासमोर खुर्च्या टाकून बसणार आणि मी पीएच.डी.ला लायक आहे की नाही ते ठरवणार. कसोटी एकच, रेकॉर्डरच्या कागदावर हुपरीकर पायरी दिसली पाहिजे. दिसली तर फेलोशिप चालू, नोंदणी पक्की. नाही दिसली तर बोजाबिस्तरा गुंडाळून सांगलीला परत. तिथं आत्यानं मुलगा बघूनच ठेवला होता. मुलाची स्कूटर होती, एवढंच त्याच्याबद्दल कौतुकानं सांगितलं जायचं.

पायरी म्हणजे काय, ते सांगते. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या यंत्रात एका बाजूनं गॅस सोडायचा. तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन निघायचे आणि गॅसच्या रेणूंवर आपटायचे. इलेक्ट्रॉनांचा जोर आम्ही हळूहळू वाढवत न्यायचो. जोर कमी असतो तोवर रेणू ढिम्म हलत नाही. मग एका ठरावीक जोराला त्याचा बंध तुटतो आणि विद्युतभार असलेला तुकडा बाहेर पडतो. पुढं चुंबक असतो, तो तुकड्यांना वजनाप्रमाणं निवडतो. आपल्याला हव्या त्या वजनाचं काही आलं की रेकॉर्डरचा पेन कागदावर वर सरकतो. कितव्या जोराला पेन उचलला ते बघायचं, त्यावरून बंध किती घट्ट होता याचा हिशेब मांडायचा. सगळा खेळ तेवढाच.

गॅस होता कार्बोनिल सल्फाइड. ऑक्सिजन, कार्बन आणि गंधक, तिघं एका रांगेत. त्याचा वास माझ्या वेणीत इतका मुरला होता की होस्टेलच्या मुली मेसमध्ये माझ्या शेजारी बसायच्या नाहीत. या रेणूतलं गंधक तुटून बाजूला झालं की उरतो कार्बन मोनॉक्साइड, वजन अठ्ठावीस. तो आम्ही मोजायचो. जगात सगळीकडं तो एकाच जोराला उगवतो. पण आमच्या हुपरीकर सरांच्या यंत्रात त्याच्या बऱ्याच अलीकडं पेन किंचित उचलायचा, थोडा आडवा चालायचा आणि मग खरा चढायचा. ती अलीकडची छोटी पायरी, तीच हुपरीकर पायरी. रेणू तुटायला आणखी एक सोपी वाट आहे आणि ती कुणाला दिसली नव्हती, असं सरांनी विलायतेतल्या मासिकात छापून आणलं होतं. दुसऱ्यांना पायरी सापडली नाही, तर सर म्हणायचे, त्यांची यंत्रं आपल्याइतकी नाजूक नाहीत. त्या लेखाचं पहिलं पान सरांच्या खोलीत फ्रेम करून लावलेलं होतं, त्यांच्या वडिलांच्या फोटोच्या शेजारी.

आणि मला मेलीला पायरी येत नव्हती.

यंत्र ताब्यात आल्यावर मी ते सगळं खोललं होतं. माझ्या वडिलांचं सांगलीत पाण्याचे पंप दुरुस्त करायचं वर्कशॉप. मी लहानपणी बाहुल्यांशी कमी आणि पान्यांशी जास्त खेळले. नट समोरासमोरचे आवळत जायचे, थोडा हा, थोडा तो, म्हणजे झाकण सगळीकडून सारखं बसतं, हे मला कुणी शिकवल्याचं आठवतसुद्धा नाही. तसंच हे झाकण मी बसवलं. आतली हवा काढायचा पंप लावला तर गेजचा काटा इतका खाली गेला की सरांना वाटलं गेज बिघडलं. मला काय अभिमान वाटला होता! म्हटलं, आता पायरी काय, जिना येईल.

काही आलं नाही. पेन आपला जगातल्या सगळ्या पेनांसारखा एकाच ठिकाणी उचलायचा. मी तार बदलली, गॅस बदलला, उपास केला. हसू नका, खरंच केला. सर रोज संध्याकाळी मागं येऊन उभे राहायचे आणि सपाट रेघ बघून नुसतं "हं" म्हणायचे. ते "हं" मला शिवीसारखं लागायचं. शेवटी एकदा म्हणाले, "वैजयंती, अभ्यास आहे तुझा, नाही म्हणत नाही. पण प्रयोगाला हाताला गुण लागतो. उल्हासच्या हाताला आहे. तुझ्या नाही."

मी रडणारी बाई नाही. राग माझ्या नाकावर असतो आणि रागीट माणसाला रडायला सवड नसते. पण त्या दिवशी होस्टेलच्या न्हाणीघरात नळ सोडून मी पोटभर रडले. तेव्हापासून जेवताना, वेणी घालताना, मी माझ्या हातांकडं बघायचे आणि यांचं काय बिघडलंय हे कळायचं नाही.

"सैल का ठेवायचा?" मी उल्हासला विचारलं.

"फार पूर्वी कुणीतरी सगळे नट गच्च आवळले आणि आतली काच तडकली. ती काच जर्मनीची होती. तेव्हापासून सरांचा नियम. मला माझ्या आधीच्या कामतांनी सांगितलं, कामतांना त्यांच्या आधीच्यानं. यंत्र दुसऱ्याकडं देताना सांगायचंच असतं. माझंच चुकलं, कावीळ झाली आणि राहिलं." त्यानं पाना घेतला, सहावा नट अर्धा आटा फिरवला आणि हात झटकले. "घे. आता बघ."

मी गॅस सोडला. तारेला करंट दिला. जोर वाढवत नेला. पेन सपाट, सपाट, सपाट, आणि मग आमच्या डोळ्यांदेखत हळूच उचलला, थोडा आडवा चालला आणि पुढं जाऊन खरा चढला.

"आई गं!" मी ओरडले. "उल्हास, आली! अरे, आली!"

"बघ! आता पेढे दे."

मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. मला नाचावंसं वाटत होतं. गेले कित्येक महिने मी ज्या रेघेची स्वप्नं बघत होते, ती कागदावर निळ्या शाईत ओली होती. हाताला गुण नाही म्हणे! मी पुन्हा एकदा काढली. पुन्हा आली. तिसऱ्यांदा काढायला घेतली आणि माझं लक्ष गेजकडं गेलं.

काटा वर आला होता.

"उल्हास, व्हॅक्यूम पडलंय."

"एवढं असतंच. माझ्या वेळी कायम असायचं."

"पण मघाशी नव्हतं. नट सैल केल्यावर झालंय." मी झाकणापाशी कान नेला, जणू ऐकू येणार होतं. "अरे, हवा शिरतेय आत."

"मग शिरू दे की थोडी. पायरी आली ना?"

तो हसत होता. मीही हसत होते. पण पंप दुरुस्त करणाऱ्याची मुलगी मी, हवा शिरतेय म्हटल्यावर माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. हवा म्हणजे काय? बहुतेक सगळा नायट्रोजन. आणि नायट्रोजनचं वजन किती? अठ्ठावीस. कार्बन मोनॉक्साइडचं जेवढं, तेवढंच. चुंबकाला नाव वाचता येत नाही. तो वजन बघतो आणि सोडतो.

माझं हसू तोंडावरच वाळलं.

"उल्हास, शून्य कसं घेतो आपण?"

"कसं म्हणजे? जोर कमी करायचा, पेन खाली येतो, ते शून्य."

"गॅस चालू ठेवून."

"हो. तशीच पद्धत आहे."

"गॅस बंद करून, जोर तेवढाच ठेवून कधी पाहिलंय? कुणी? तू, कामत, सर?"

मी जोर पायरीवर आणून ठेवला आणि गॅसचा व्हॉल्व्ह बंद केला. आता आत आमचा गॅस नव्हता. पायरी आमच्या गॅसची असेल तर पेननं खाली यायला हवं होतं.

पेन तिथंच राहिला.

"व्हॉल्व्ह नीट बसला नसेल," उल्हास म्हणाला आणि त्यानं माझा हात बाजूला करून स्वतः आवळला. इतका आवळला की बोटं पांढरी झाली. आम्ही दोघं पेनकडं बघत उभे होतो. तो हलला नाही. पायरी कागदावर आडवी चालत राहिली. मग मी पाना उचलला आणि सहावा नट अर्धा आटा आवळला. पेन हळूहळू उतरला आणि शून्यावर जाऊन बसला.

गॅसचा काही संबंधच नव्हता. सहाव्या नटाखालून खोलीतली हवा आत यायची आणि ती हवा आम्ही मोजायचो. हुपरीकर पायरी म्हणजे आमच्या खोलीतली हवा होती.

उल्हास स्टुलावर बसला. त्याचा चेहरा कावीळ झाल्यासारखाच पिवळा पडला होता.

"माझा अख्खा प्रबंध," तो म्हणाला. "वैजू, माझा अख्खा प्रबंध त्या पायरीवर आहे."

"माहितेय रे."

"पुढच्या आठवड्यात तोंडी आहे. आईनं गावाकडं सगळ्यांना सांगितलंय."

"मग मी काय करू? दुपारी माझी कमिटी आहे."

"नट सैल कर. पायरी दाखव. सही घे आणि मोकळी हो." त्यानं हे पटकन, एका दमात म्हटलं. "सगळ्यांनी तेच केलंय."

"सगळ्यांना माहीत नव्हतं. मला आता माहीत आहे, आणि तुलाही."

"अगं, पण कुणाचं काय जातंय? एक बारकी पायरी! त्यानं कुणाचा जीव जाणारे का?"

"माझा गेला की!" मी ओरडले. "एवढे महिने हाताला गुण नाही, गुण नाही, ऐकत आलेय मी. का? तर माझं यंत्र गळत नव्हतं म्हणून! तुमचं सगळ्यांचं गळत होतं म्हणून तुम्ही हुशार!"

तो खाली मान घालून बसला. मला त्याची दया आली, हेही सांगते. आम्ही एका डब्यातलं जेवलो होतो. तापात पडले होते तेव्हा त्यानं मोसंबी आणून दिली होती. मी शेजारी बसले.

"हे बघ," मी म्हटलं, "आपण दोघांनी सांगितलं तर ते चूक शोधणं होतं. चूक शोधणं हेही कामच आहे. तुझी तोंडी फार तर पुढं जाईल. सर चिडतील, पण दोघांना काढून नाही टाकणार. मी एकटी बोलले तर मात्र संपले. मला कोण विचारतंय? गुण नसलेली बाई."

त्यानं मान वर केली.

"बरं. तू बोल," तो म्हणाला. "मी आहे ना."

मी आहे ना. असं म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये, असं मी आता माझ्या वर्गातल्या मुलींना सांगत असते. पण तेव्हा मला धीर आला. मी तोंड धुतलं, वेणी पुन्हा घातली.

दुपारी ते तिघं आले. हुपरीकर सर, विभागप्रमुख कुरुंदवाडे, ज्यांचं अर्धं लक्ष कायम घड्याळाकडं, आणि बाहेरून आलेले प्राध्यापक सबनीस. सबनीस म्हातारे, मृदू, आमच्या विषयातले नव्हते. उल्हास दाराशी उभा राहिला, हाताची घडी घालून.

मी नट सैल करून ठेवला होता. आधी पायरी दाखवायची, मग ती घालवायची, मग कारण सांगायचं, असं मी ठरवलं होतं. पंपात काय बिघडलंय ते गिऱ्हाइकाला वडील असंच दाखवायचे.

पायरी आली. सर एक पाऊल पुढं आले. त्यांनी कागदावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघून हसले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. "बघा, आली शेवटी," ते सबनिसांना म्हणाले. "पोरगी चिकट आहे. मी म्हणत होतोच."

"अभिनंदन, अभिनंदन," सबनीस म्हणाले. कुरुंदवाड्यांनी सहीसाठी पेनाचं टोपण काढलं.

तिथं गप्प बसले असते तर आज मी डॉक्टर वैजयंती आवटी. तेवढंच अंतर होतं.

"सर, ही पायरी गॅसची नाही," मी म्हटलं. "हवेची आहे. इथून हवा आत येतेय. मी दाखवते."

आणि कुणी काही म्हणायच्या आत मी पाना लावून सहावा नट आवळला. पेन उतरला. सगळ्यांच्या समोर, सावकाश, शून्यावर जाऊन बसला.

मी सरांकडं पाहिलं. सरांना कळलं. मी शपथेवर सांगते, त्यांना त्या क्षणी सगळं कळलं. त्यांची नजर पेनवरून नटावर गेली, नटावरून गेजवर गेली, आणि मग ती कुठंच गेली नाही. नुसता एक म्हातारा माणूस उभा होता. मला वाटलं, आता ते खुर्ची मागतील. मला त्यांना धरावंसं वाटलं.

"सैल कर," ते म्हणाले.

"सर?"

"नट सैल कर. अर्धा आटा."

मी केला. पायरी पुन्हा आली.

"पाहिलंत?" सर सबनिसांकडं वळले. आवाज अगदी नेहमीचा, वर्गातला. "यंत्र फार नाजूक आहे. झाकण गच्च आवळलं की आतली तार जागेवरून हलते आणि मग पायरी दिसत नाही. बाकीच्या लोकांचं घोडं इथंच अडतं. म्हणून हा नट सैल ठेवायचा, ही आपली जुनी पद्धत."

सबनिसांनी मान डोलावली. "वा! अनुभव म्हणतात तो हा."

"सर, गॅस बंद करून बघा!" माझा आवाज चढला होता. "नुसता गॅस बंद करा. पायरी तशीच राहते. एवढंच बघा, दुसरं काही नको!" मी व्हॉल्व्हकडं हात नेला.

सरांनी माझं मनगट धरलं. जोरात नाही. "गॅसला हात लावायचा नाही. कमिटीचा वेळ तुझ्या लहरीसाठी नाही."

"लहर नाही, सर! सकाळी करून पाहिलंय. मी एकटीनं नाही, उल्हास होता. उल्हास, सांग ना! गॅस बंद केला तेव्हा पायरी राहिली की नाही?"

सगळे दाराकडं वळले. उल्हासनं हाताची घडी सोडली आणि पुन्हा घातली. सर त्याच्याकडं बघत होते. मी त्याच्याकडं बघत होते. पेन कागदावर चालत होता, त्याचा तेवढा आवाज येत होता.

"मी..." तो म्हणाला. "मी तेव्हा चहा आणायला गेलो होतो."

कुरुंदवाड्यांनी टोपण परत लावलं. "बाई," ते म्हणाले, "हाताशी आलेलं घालवलंत हो."

पुढचं सांगण्यासारखं नाही. सरांनी शेरा लिहिला, फेलोशिप बंद झाली. पंधरवडाभरात होस्टेलची खोली सोडली. उल्हास भेटायला आला नाही, त्याची तोंडी परीक्षा उत्तम झाली असं शिपायाकडून कळलं. वडील न्यायला आले. गाडीत मी त्यांना सगळं सांगितलं. मग म्हणाले, "पण नट सैल ठेवतात कशाला, वैजू?" त्यांना खरंच कळत नव्हतं. एवढी शिकलेली माणसं नट सैल का ठेवतील, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मला सांगता आलं नाही.

मी सांगलीतच एका ज्युनियर कॉलेजात शिकवायला लागले. आत्यानं बघितलेल्या मुलाला नको म्हटलं. दुसऱ्या कुणाशी जमलं नाही. तोंड फटकळ.

आता निवृत्तीला आले. परवा आमच्या कॉलेजात विज्ञान दिनाचा कार्यक्रम झाला. प्रमुख पाहुणे, प्रोफेसर डॉक्टर उल्हास आजरेकर. विषय, विज्ञानातला प्रामाणिकपणा. हा विषय त्यालाच शोभतो, कारण हुपरीकर सर गेल्यावर पुढच्याच वर्षी त्यानं लेख लिहिला की हुपरीकर पायरी नावाचं काही नाही, ती यंत्रात शिरलेल्या हवेची होती, आणि त्याचा स्वतःचा प्रबंधही त्यामुळं चुकला आहे. केवढं नाव झालं त्याचं! स्वतःची चूक स्वतः सांगणारा माणूस म्हणून त्याला मोठा पुरस्कार मिळाला. पेपरात फोटो आला होता. ती बातमी मी वाचली तेव्हा तवा तसाच गॅसवर राहिला आणि भाकरी जळून गेली.

दारातच तो मला दिसला. केस पांढरे, अंगावर खादीचं जाकीट. "वैजू! तू इथं असतेस?" म्हणाला. मी म्हटलं, "इथंच असते." तेवढ्यात प्राचार्यांनी त्याला पुढं नेलं.

बोलला छान. मुली मन लावून ऐकत होत्या. "एका सकाळी," तो म्हणाला, "मनात शंका आली. मी गॅसचा व्हॉल्व्ह घट्ट बंद केला. पेन खाली यायला हवा होता. तो आला नाही. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या पायाखालची जमीन सरकली. माझा अख्खा प्रबंध त्या पायरीवर उभा होता." त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. व्हॉल्व्ह त्यानंच आवळला होता. जमीन सरकलेली मी पाहिली होती. त्या खोलीत आणखी कुणी होतं, एवढंच तो बोलला नाही. टाळ्या थांबेनात. माझ्या शेजारची बारावीतली रुक्साना डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, असं खरं बोलायला केवढी हिंमत लागते ना?"

"लागते," मी म्हटलं.

आभारप्रदर्शन माझ्याकडं होतं. सगळ्यात जुन्या शिक्षकाकडं तेच देतात, कारण तोवर श्रोते उठायला लागलेले असतात. मी माइक हातात घेतला. तो पहिल्या रांगेत शाल-श्रीफळ मांडीवर घेऊन बसला होता आणि माझ्याकडं बघत होता. त्याचा हात शालीच्या काठाशी चाळा करत होता. मला वाटलं, सांगावं. मग वाटलं, कुणाला? मी एकदा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पेन शून्यावर आणून दाखवला होता. याहून जास्त मी काय दाखवणार?

मी आभार मानले. प्राचार्यांचे मानले, संस्थेचे मानले, मांडववाल्याचे आणि माइकवाल्याचे मानले. रांगोळी काढणाऱ्या मुलींचे मानले. अल्पोपाहाराची व्यवस्था पाहणाऱ्या शिपायांचे मानले.

"आणि सगळ्यात शेवटी," मी म्हटलं, "त्या सकाळी चहा आणायला गेल्याबद्दल डॉक्टर उल्हास आजरेकर यांचे विशेष आभार."

लोक हसले. त्यांना वाटलं, बाईंनी काहीतरी जुनी गंमत केली. प्राचार्यसुद्धा हसले. उल्हासनं मान खाली घातली, अगदी त्या सकाळी स्टुलावर बसला होता तशी. मुलींनी जोरात टाळ्या वाजवल्या, आणि मग राष्ट्रगीतासाठी आम्ही सगळे उभे राहिलो.